स्फोट पावणारे तारे आणि विश्वाच्या अंतरांचा हिशेब

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात, आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील एखाद्या गावाबाहेर, जिथे दिव्यांचा उजेड फारसा पोहोचत नाही तिथून, मार्गशीर्षातील अमावास्येच्या सुमारास रात्रीच्या पहिल्या प्रहरी वर पाहिले, तर डोक्यापासून थोडे उत्तरेकडे, देवयानी तारकासमूहात, एक फिकट आणि लांबट पुंजका नुसत्या डोळ्यांना दिसतो. हा पुंजका म्हणजे देवयानी दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा आपल्या आकाशगंगेसारखाच एक प्रचंड समूह असून तेथून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. परंतु हे अंतर त्या पुंजक्याकडे नुसते पाहून कोणालाही सांगता येणार नाही. आकाशातील एखादा ठिपका मंद दिसतो तो मुळातच मंद आहे म्हणून, की फार दूर आहे म्हणून, हा खगोलशास्त्रातील अत्यंत चिवट प्रश्न आहे, आणि विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे याचे आजचे उत्तर अखेर याच प्रश्नाच्या उकलीवर उभे आहे.

१८८५ च्या ऑगस्टमध्ये देवयानीच्या या पुंजक्यात, त्याच्या मध्याजवळ, एक नवा तारा दिसू लागला आणि सहाव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे काळोख्या आकाशात उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका, तेजस्वी होऊन काही महिन्यांत मावळला. त्या काळी हा पुंजका आपल्याच आकाशगंगेतील वायूचा ढग असावा असे अनेक खगोलशास्त्रज्ञांना वाटत असल्यामुळे या ताऱ्यात फार विलक्षण असे काही कोणाला दिसले नाही. पुढे १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सन वेधशाळेतून देवयानीत एक सेफिड तारा सापडला. सेफिड ताऱ्यांचा प्रकाश ठरावीक दिवसांच्या चक्राने कमीजास्त होतो आणि हे चक्र जितके लांब तितका तारा मुळात अधिक तेजस्वी असतो, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९०८ ते १९१२ या काळातील अभ्यासातून आधीच दाखवून दिला होता. त्यामुळे चक्राचे दिवस मोजले की ताऱ्याचे खरे तेज कळते आणि खऱ्या तेजाची दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की अंतर मिळते. या हिशेबाने देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर असल्याचे सिद्ध झाले, आणि मग ओघानेच असाही निष्कर्ष निघाला की इतक्या दुरून डोळ्यांना दिसण्याच्या उंबरठ्यावर आलेला १८८५ चा तो तारा अब्जावधी सूर्यांइतका प्रखर असला पाहिजे. अशा स्फोटांना वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये सुपरनोव्हा असे नाव दिले; मराठीत त्यांना अतिनवतारे म्हणतात.

याच सुमारास दुसरा शोध आकार घेत होता. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वर्णपटात, म्हणजे रंगांच्या क्रमाने विस्कटलेल्या रूपात, तपासला असता त्यातील मूलद्रव्यांच्या ओळखीच्या रेषा आपल्या नेहमीच्या जागेवरून तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळतात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. प्रकाश प्रवासात असताना अवकाशच ताणले गेले आणि त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही ताणली गेली, असा तिचा अर्थ आहे. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये सापेक्षता सिद्धांताच्या आधारे आणि हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांच्या आधारे मांडलेला संबंध असा, की दीर्घिका जितकी दूर तितकी तिची ताम्रसृती अधिक. अंतर आणि दूर जाण्याचा वेग यांचे हे प्रमाण हबल स्थिरांकाने व्यक्त होते, आणि तो दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला इतके किलोमीटर अशा मापात सांगतात. ताम्रसृती मोजणे तुलनेने सोपे असते. अडचण येते ती अंतराची, कारण सेफिड तारे कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडे वेगळे ओळखू येत नाहीत आणि विश्वाच्या प्रसरणाचा इतिहास वाचायचा तर अब्जावधी प्रकाशवर्षे दूर पाहावे लागते.

एखाद्या सरळ रस्त्यावर सारख्याच वॅटचे दिवे लावलेले असतील, तर दिसणाऱ्या उजेडावरून प्रत्येक दिव्याचे अंतर काढता येते, कारण दुप्पट अंतरावरचा दिवा चौपट मंद आणि तिप्पट अंतरावरचा नऊपट मंद दिसतो. विश्वाच्या मोजणीसाठी असे सारख्या तेजाचे आणि शिवाय अतिशय प्रखर दिवे लागतात, आणि ते काम करणारा अतिनवताऱ्यांचा एक विशिष्ट वर्ग आहे, त्याला पहिला-अ प्रकार म्हणतात. सूर्यासारख्या ताऱ्यांचे इंधन संपल्यावर त्यांचा जो घट्ट, पृथ्वीएवढ्या आकाराचा गाभा उरतो त्याला श्वेत बटू म्हणतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी, १९३० च्या जुलैअखेरीस मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, त्या प्रवासातील आकडेमोडीतून ज्या निष्कर्षाची वाट धरली तो असा, की श्वेत बटूचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. जोडताऱ्याकडून वायू ओढून घेत एखादा श्वेत बटू या मर्यादेजवळ आला, किंवा दोन श्वेत बटू एकमेकांत मिसळले, की आतील कार्बन आणि ऑक्सिजन भडकून काही सेकंदांत संपूर्ण तारा उधळला जातो. या दोन वाटांपैकी कोणती किती वेळा घडते याविषयी अजून मतैक्य नाही. स्फोटात मोठ्या प्रमाणावर किरणोत्सारी निकेल तयार होते, त्याचे सुमारे सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टमध्ये आणि कोबाल्टचे सुमारे ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंडात रूपांतर होते, आणि या क्रमात बाहेर पडणारी ऊर्जाच अतिनवताऱ्याला आठवडेच्या आठवडे उजळत ठेवते. कळसाला पोहोचलेला असा तारा साधारणपणे ५ अब्ज सूर्यांइतका प्रकाश देतो.

मात्र हे सर्व दिवे अगदी तंतोतंत सारखे नसतात, आणि त्यांतील फरक दुरुस्त करण्याची युक्ती सापडेपर्यंत त्यांच्यावरून काढलेली अंतरे भरवशाची नव्हती. मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवले की अधिक तेजस्वी अतिनवतारा हळूहळू मावळतो आणि कमी तेजस्वी लवकर मावळतो. म्हणून कळसानंतरच्या पंधरा दिवसांत प्रकाश किती उतरला हे मोजले की त्या ताऱ्याचे खरे तेज बरेच नेमके सांगता येते. चिलीमधील कालान-तोलोलो प्रकल्पाने त्याच काळात जवळच्या अतिनवताऱ्यांची काळजीपूर्वक घेतलेली निरीक्षणे या दुरुस्तीचा पाया ठरली. वाटेतील धुळीचाही विचार करावा लागतो. सामान्य धूळ निळा प्रकाश अधिक अडवते, त्यामुळे धुळीआडचा तारा तांबूस दिसतो आणि त्याच्या रंगावरून धुळीने किती प्रकाश खाल्ला हे काढता येते.

एका दीर्घिकेत असा स्फोट हजार वर्षांत मोजक्याच वेळा होतो, म्हणून तो पकडायचा तर एकाच वेळी हजारो दीर्घिकांवर नजर ठेवावी लागते. सॉल पर्लमटर यांच्या गटाने यासाठी अमावास्येनंतर आकाशाच्या ठरावीक तुकड्यांची छायाचित्रे घ्यायची, सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा तीच घ्यायची आणि संगणकाने दुसऱ्यातून पहिले वजा करून नवे ठिपके शोधायचे अशी पद्धत बसवली. ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांच्या गटानेही स्वतंत्रपणे हेच काम हाती घेतले. दोन्ही गटांची अपेक्षा एकच होती: विश्वातील पदार्थांचे गुरुत्वाकर्षण प्रसरणाला लगाम घालत असणार, म्हणून पूर्वीच्या तुलनेत प्रसरण मंदावले असेल, आणि ते किती मंदावले हे मोजायचे. १९९८ मध्ये आणि त्यानंतरच्या वर्षी प्रसिद्ध झालेले निष्कर्ष नेमके उलटे निघाले. ज्यांचा प्रकाश सुमारे पाच अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता असे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांपर्यंत मंद, म्हणजेच अधिक दूर, आढळले. विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत होते. या वेगवाढीमागचे कारण म्हणून विश्वाच्या ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के भाग कृष्ण ऊर्जा नावाच्या, ज्याचे स्वरूप अजून ठाऊक नाही अशा घटकाचा मानावा लागतो. या तिघांना २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातील वाचकाला या कथेचा जो भाग विशेष जवळचा वाटावा तो येथून सुरू होतो, आणि तो मान्यतेपेक्षा मतभेदाचा आहे. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी आणि पुढे सहकारी झाले. हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावत असले तरी नवे पदार्थ सतत निर्माण होत असल्यामुळे त्याची सरासरी घनता कायम राहते. अशा विश्वाचे प्रसरण वेग घेत जाते हे या सिद्धांताच्या गणितातूनच निघते. १९६० च्या दशकात अ‍ॅलन सँडेज यांच्यासारख्या निरीक्षकांचे कल विश्व मंदावत असल्याचे दर्शवत होते, आणि स्थिर स्थिती सिद्धांताविरुद्ध जे आक्षेप घेतले गेले त्यांत हाही एक होता. तीस-पस्तीस वर्षांनी वेगवाढच निघाली, तेव्हा तो सिद्धांत अन्य कारणांनी, विशेषतः १९६५ मध्ये सापडलेल्या सूक्ष्मतरंगांच्या विश्वव्यापी पार्श्वभूमी प्रारणामुळे, मागे पडला होता. तरीही वेगवाढीची कल्पना १९९८ मध्ये प्रथमच भौतिकशास्त्रात आली असे समजणे चुकीचे ठरते, आणि ही बाब अतिनवताऱ्यांवरील लोकप्रिय लेखनात जितकी यायला हवी तितकी येत नाही.

नारळीकरांनी मात्र या योगायोगाचा आधार घेऊन विजय घोषित केला नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्राचे संस्थापक संचालक असताना, हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ पासून स्थिर स्थिती सिद्धांताची एक सुधारित आवृत्ती विकसित केली होती, तिच्यात विश्व दीर्घकाळाने आकुंचन-प्रसरणाची आवर्तने घेत एकंदरीत वाढत जाते. २००० मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असा प्रश्न मांडला गेला, की दूरचे अतिनवतारे मंद दिसतात याचे कारण अंतरच असले पाहिजे काय. अतिनवताऱ्यांच्या स्फोटात बाहेर फेकली गेलेली लोखंड-कार्बनची वाफ थंड होताना तिच्यापासून जास्तीत जास्त मिलिमीटरभर लांबीचे पण अत्यंत बारीक सुईसारखे कण बनू शकतात, आणि असे कण सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच अडवत असल्यामुळे त्यांच्याआडचा तारा तांबूस न होता नुसताच मंद होतो. रंगावरून धूळ ओळखण्याची नेहमीची कसोटी त्यांना पकडू शकत नाही. म्हणजे वेगवाढ न मानताही निरीक्षणांचे स्पष्टीकरण देता येते, असा या युक्तिवादाचा आशय होता.

हा आक्षेप खोटा ठरवता येण्याजोगा होता, आणि त्याचे महत्त्व त्यातच आहे. अशी करडी धूळ सर्वत्र पसरलेली असेल, तर जितके दूर पाहावे तितके अतिनवतारे अधिकाधिक मंद दिसत जायला हवेत. याउलट वेगवाढ अलीकडच्या पाच-सहा अब्ज वर्षांतलीच असेल आणि त्याआधी गुरुत्वाकर्षणाचा लगाम प्रबळ असेल, तर एका टप्प्यापलीकडचे अतिनवतारे तुलनेने पुन्हा उजळ दिसायला हवेत. हबल अवकाश दुर्बिणीने घेतलेल्या, विशेषतः २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिदूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांत दुसरी गोष्ट आढळली. सरळसाध्या करड्या धुळीची कल्पना त्यामुळे मागे पडली. त्यापूर्वी, २००२ मध्ये, नारळीकर आणि सहकाऱ्यांनी त्यावेळचा सर्वांत दूरचा ज्ञात अतिनवतारा आपल्या प्रतिमानात बसवता येतो असे दाखवण्याचा प्रयत्न केला होता, परंतु बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही, आणि पार्श्वभूमी प्रारणाच्या बारीक मोजणीनेही प्रचलित महास्फोट सिद्धांतालाच बळ दिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन होईपर्यंत नारळीकरांनी प्रचलित मताविषयीची आपली शंका सोडली नाही. त्यांचा पर्याय टिकला नाही हे खरे असले, तरी एखादा नामांकित शास्त्रज्ञ नेमके कोठे बोट ठेवतो हे पाहून निरीक्षकांना आपल्या मोजणीतील कच्चा दुवा तपासावा लागतो, आणि धुळीचा दुवा अशा तपासणीतून पक्का झाला.

आयुकामध्येच या विषयाचा दुसरा, अधिक शांतपणे चाललेला अभ्यास वरुण साहनी यांच्या भोवती उभा राहिला. कृष्ण ऊर्जा काळानुसार अजिबात बदलत नाही असे आधीच गृहीत धरून अतिनवताऱ्यांची आकडेवारी तपासली, तर उत्तरही त्या गृहीतकाच्या चौकटीतलेच येते. म्हणून तरुणदीप सैनी, सोमक रायचौधुरी, उज्जैनी आलम आणि रशियन विश्वरचनाशास्त्रज्ञ अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांच्यासह साहनींनी २००० पासून कमीत कमी गृहीतके ठेवून, आकडेवारीलाच प्रसरणाचा इतिहास सांगू देण्याच्या पद्धती तयार केल्या. २००४ मधील त्यांच्या एका निबंधाने तर कृष्ण ऊर्जा काळाबरोबर रूप बदलत असावी काय, असा प्रश्न सरळ विचारला. त्या वेळी निरीक्षणे अपुरी होती. पुढे अ‍ॅरिझोनातील डेसी या उपकरणाने लक्षावधी दीर्घिकांचा त्रिमितीय नकाशा तयार केला, आणि २०२४ व २०२५ मध्ये तो अतिनवताऱ्यांच्या मोजणीशी जोडून पाहिल्यावर कृष्ण ऊर्जा अलीकडच्या काळात क्षीण होत असल्याचे संकेत मिळाले आहेत; ते अजून निर्णायक नाहीत, पण पुण्यात वीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आता जगभर विचारला जात आहे.

या सर्व हिशेबाला दूरच्या स्फोटांइतकेच जवळचे स्फोटही लागतात, कारण जवळच्यांशी तुलना केल्याशिवाय दूरच्यांचे मंदपण ठरत नाही. हे काम आज ज्या यंत्रणेने सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले आहे तिच्यामागे कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले, कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेतील श्रीनिवास कुलकर्णी यांची दृष्टी आहे. पालोमार पर्वतावरील, १९४८ मध्ये पूर्ण झालेल्या ४८ इंची दुर्बिणीला नवा कॅमेरा बसवून त्यांनी २००९ मध्ये क्षणिक घटना शोधणारे एक सर्वेक्षण सुरू केले. त्यालाच २४ ऑगस्ट २०११ रोजी सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एम १०१ या, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत पहिल्या-अ प्रकारचा अतिनवतारा स्फोटानंतर अर्ध्या दिवसाच्या आतच सापडला. इतक्या लवकर सापडल्यामुळे फुटलेल्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असल्याचे ठरवता आले, आणि असा स्फोट श्वेत बटूचाच असतो हे इतकी वर्षे मानले गेलेले गृहीतक प्रथमच जवळजवळ प्रत्यक्ष पुराव्यावर आले. तो तारा सप्टेंबरमध्ये दहाव्या प्रतीपर्यंत उजळला होता, म्हणजे विदर्भातील हौशी निरीक्षकांच्या लहान दुर्बिणींच्याही आवाक्यात होता. २०१८ पासून त्याच दुर्बिणीवर चाललेले झ्विकी सर्वेक्षण एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपते आणि दोन-तीन रात्रींत उत्तरेकडील संपूर्ण आकाश पाहून घेते. २०२५ मध्ये या सर्वेक्षणातील ३,६२८ जवळच्या पहिल्या-अ अतिनवताऱ्यांची एकजिनसी माहिती प्रसिद्ध झाली. नव्वदच्या दशकातील निष्कर्ष अवघ्या काही डझन ताऱ्यांवर उभे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ कळतो.

इतके असूनही एक मोठी विसंगती उरली आहे. अतिनवताऱ्यांचे खरे तेज सेफिड ताऱ्यांवरून ठरवले जाते, सेफिडांचे तेज पराशयावरून, म्हणजे पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यामुळे जवळचा तारा जागा बदलल्यासारखा दिसतो त्या कोनावरून. ही पायरीवर पायरी रचलेली मोजणी आहे, आणि तिच्यातून रीस यांच्या गटाला २०२२ मध्ये हबल स्थिरांकाचे मूल्य ७३.०, एका एककाइतक्या अनिश्चिततेसह, मिळाले. विश्वाच्या बाल्यावस्थेतील पार्श्वभूमी प्रारणाच्या प्लँक उपग्रहाने केलेल्या मोजणीतून प्रचलित सिद्धांताच्या आधारे निघणारे मूल्य ६७.४ आहे. हा फरक मोजणीच्या चुकीने पडला असेल तर ती चूक पायऱ्यांच्या शिडीत कोठे तरी आहे, आणि चूक नसेल तर विश्वरचनेच्या सिद्धांतातच काही तरी उणे आहे. त्याचा निवाडा करण्यासाठी शिडीचाच आधार न घेणारी तिसरी पद्धत हवी, आणि तिच्याशी वर्ध्यापासून, यवतमाळ जिल्हा ओलांडून, सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचे नाव जोडले गेले आहे.

दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे सूर्याहून जड पण शहराएवढे लहान असे अतिघन तारे, एकमेकांभोवती फिरत आदळतात तेव्हा अवकाशात गुरुत्वीय लहरी उमटतात. या लहरींची वारंवारता ज्या गतीने वाढत जाते त्यावरून टक्कर मुळात किती जोरदार होती हे सिद्धांतातून सरळ निघते आणि पृथ्वीवर पोहोचलेल्या लहरीच्या तीव्रतेवरून अंतर मिळते. मध्ये सेफिड लागत नाही, अतिनवतारा लागत नाही आणि धूळ या लहरींना अडवत नाही. बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये सुचवलेली ही पद्धत १७ ऑगस्ट २०१७ रोजी प्रथम प्रत्यक्षात आली, तेव्हा अमेरिकेतील दोन लायगो आणि इटलीतील व्हर्गो या शोधकांनी अशी टक्कर टिपली, सुमारे अकरा तासांत दुर्बिणींना तिची दीर्घिका सापडली, आणि हबल स्थिरांक सुमारे ७० आला. त्यातील अनिश्चितता मात्र इतकी मोठी होती की ६७ आणि ७३ ही दोन्ही मूल्ये तिच्यात सहज बसतात. अशा अंदाजे पन्नास घटना दीर्घिकेसह सापडल्या तर निवाडा होऊ शकेल, असा संशोधकांचा हिशेब आहे.

लहरींच्या नोंदीतून अर्थ काढण्याच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर यांचे काम १९८० च्या दशकापासूनचे आहे, आणि भारतात असा शोधक असावा या प्रयत्नाला आधार देणाऱ्यांत त्यांचा गट अग्रभागी होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला मंजुरी दिली असून औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांचा शोधक उभारला जाणार आहे. एकाच लहरीच्या निरनिराळ्या ठिकाणी पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून तिची दिशा ठरते, म्हणून अमेरिका आणि युरोप यांच्यापासून दूर असलेला हा शोधक आकाशातील शोधाचे क्षेत्र पुष्कळ लहान करील, आणि मग लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई व भारतीय खगोलभौतिकी संस्था चालवत असलेल्या ०.७ मीटरच्या स्वयंचलित दुर्बिणीसारख्या लहान दुर्बिणींनाही त्या टकरीची दीर्घिका, तिचा उजेड विझण्यापूर्वी, शोधून काढणे शक्य होईल.